आरशाची फळी

५ जानेवारी

प्रिय फूटपट्टी,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच्या पडद्याकडे पाच मिनिटं बघितलं की माझा उजवा डोळा गळायला लागतो. बिचारा दोघांचं काम एकटा करतो. म्हणून कागद. अक्षर मोठं आहे, त्याला हसायचं नाही.

माझं लग्न ठरलं. मार्चच्या चौदा तारखेला. मुलगा दातांचा डॉक्टर आहे. आई म्हणते, "माणूस सोन्यासारखा, फक्त जेवताना समोरच्याच्या तोंडात बघत बसतो." मला तो आवडला त्याचं कारण वेगळं आहे. पहिल्या भेटीत त्यानं विचारलं, "डोळ्याला काय झालं?" मी म्हटलं, "डाव्यानं समोरचं दिसत नाही." तो उठला, खुर्ची उचलली आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला. मी त्याच मिनिटाला मनात हो म्हणून टाकलं.

फोटो तू काढायचेस. लग्नाच्या गर्दीतले नव्हेत, ते कुणीही काढेल. आदल्या दिवशी दुपारनंतर, नवरीच्या कपड्यात, बाहेर उघड्यावर. फ्लॅश नको. गेल्या बावीस वर्षांत मला माझा एकही फोटो आवडलेला नाही. थकला की डावा डोळा बाहेर सरकतो, आणि नेमकं तेव्हाच फोटोवाला म्हणतो, "हां, आता इकडे बघा." मला एकच फोटो हवा आहे, ज्यात मी दोन्ही डोळ्यांनी बघतेय असं वाटेल. एक मिळाला तरी पुष्कळ.

आणि अट अशी, की त्यातला एकही फोटो माझ्या वडिलांकडे जाता कामा नये. तुझा त्यांच्याशी पत्रव्यवहार आहे हे मला माहीत आहे. तू त्यांच्याकडून काम शिकलास, त्याला माझी ना नाही. विहिरीचं पाणी गोड असेल तर प्यावं, तिच्यात कोण बुडालं ते विचारू नये. पण आम्ही त्यांच्या घरातून निघालो ते निघालो. लग्न त्यांना कळवलेलं नाही, कळवायचंही नाही.

तुझी,
ताई

११ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. फार आनंद झाला. आईलाही वाचून दाखवलं. ती थोडी रडली आणि मग म्हणाली, दाताचा डॉक्टर म्हणजे घरात गोड बंद.

फोटो काढतो. मला काही गोष्टी आत्ताच कळल्या तर बरं होईल. कपडा शुभ्र आहे की सायीच्या रंगाचा? शुभ्र असेल तर उन्हात त्यावरची नक्षी पुसली जाते. डोक्यावरच्या ओढणीला जरीची कड आहे का? बुटांची टाच किती? पाण्याच्या टाकीमागच्या बागेत दगडी भिंत आहे, ती मी परवा होकायंत्र घेऊन बघून आलो. चार वाजल्यापासून भिंतीच्या पुढे सावली आणि मागून ऊन असं मिळतं. माळी म्हणाला, "जमीन विकत घ्यायची आहे का?"

तुझी अट मान्य आहे. काकांकडे एकही फोटो जाणार नाही. शब्द देतो. लिहूनही देतो, म्हणजे माझ्या अक्षरातला पुरावा तुझ्याजवळ राहील.

तुझा,
फूटपट्टी

१५ जानेवारी

ती. काका,

नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल. मागच्या पत्राला उत्तर आलं नाही, पण जिना चढायला त्रास होतो असं तुम्ही लिहिलं होतं, त्यामुळे पेटीपर्यंत जाणं झालं नसेल असं समजतो.

एक काम आलं आहे. नवरीचे फोटो, बाहेर, फक्त उन्हात आणि रिफ्लेक्टरवर. गिऱ्हाईक नवीन आहे, तुमच्या ओळखीचं नाही. माझ्याकडे पांढरा, चंदेरी आणि सोनेरी असे तीन रिफ्लेक्टर आहेत. कुठला, किती अंतरावर, किती उंचीवर, ते कळवावं. ऊन ढळल्यावर पांढरा पुरत नाही असा माझा अनुभव आहे. नवरीचा एक डोळा अधू आहे, तो फोटोत कळू नये अशी तिची इच्छा आहे.

फोटोंच्या वार्षिक स्पर्धेत गेल्या जूनमध्येही माझा फोटो निवडला गेला नाही. हे पाचवं वर्ष. तुमची 'छोटी नवरी' त्याच स्पर्धेत पहिली आली होती. मी अजूनही कामाला निघताना आमच्या बैठकीतल्या त्या फोटोसमोर एक मिनिट उभा राहतो. अर्धं तोंड ओढणीखाली आणि उघडा तो एकच डोळा. तसा उजेड मला डोळ्यात कधीच आणता आलेला नाही.

आपला,
फूटपट्टी

२९ जानेवारी

फूटपट्टी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, शेजारच्या वाण्याची यादी चुकून माझ्या पेटीत पडली. नववीत शाळा सोडलेला पोरगा इतकं शुद्ध लिहितो, की चूक सापडेना म्हणून माणसाला झोप यावी. फोटोही तू असेच काढतोस. पाच वर्षं ते निवडत नाहीत, त्यात त्यांचा काय दोष? तुझ्या फोटोतल्या बायका बघून असं वाटतं, की त्यांना कुणीतरी नीट घडी घालून ठेवलंय.

ऐक. सूर्य नवरीच्या पाठीशी. केसांच्या कडेनं उजेडाची रेघ उमटेल. चेहरा अंधारात जाईल, तो पांढऱ्यानं उचल. चार हातांवरून, तिच्या डोळ्यांपेक्षा वीतभर उंच धरून. चंदेरीनं तोंडाला तेल चोपडल्यासारखं दिसतं. सोनेरी तर कावीळ झालेल्यांसाठीच ठेव. खालून कधी उजेड टाकू नकोस, हनुवटीखालून आला की नवरीची हडळ होते. गवतापासून लांब उभी कर, नाहीतर गळ्यावर हिरवा रंग चढतो. पायाशी पांढरी चादर अंथर. ती डोळे बारीक करायला लागली की मिटायला सांग, तीन आकडे मोज आणि उघडायला लाव. उघडल्यावर अर्धा क्षण मिळतो. तेवढाच आपला. पुढचं सगळं तिचं.

आणि नवरीशी गप्पा मारू नकोस. भिंतीशी बोलतोस का? तीही तेवढा वेळ भिंतच.

आता मला सांग. अधू डोळा कुठला? कधीपासून? कशानं? तू बुटाच्या टाचा मोजणारा माणूस, आणि नेमकं इथं मोघम लिहितोस.

काका

१० फेब्रुवारी

ती. काका,

तुम्ही सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घेतलं. आईला बागेतल्या एका दगडी भिंतीपुढे उभं करून ते आजमावून पाहिलं. चार हात बरोबर आहेत. साडेतीन हातांवर नाकाच्या कडेला चमक येते, साडेचारवर डोळ्यांखाली काळं राहतं. आई म्हणाली, "तुझ्या काकानं मला कधी खुर्चीवरसुद्धा बसवून फोटो काढला नाही, आता म्हातारपणी उन्हात उभी."

नवरीबद्दल लिहितो. डावा डोळा. लहानपणी तापात गेला. थकली की तो बाहेरच्या बाजूला सरकतो. तिचं म्हणणं असं, की एक तरी फोटो असा हवा, ज्यात ती दोन्ही डोळ्यांनी बघतेय असं वाटेल. मी असा विचार केला आहे, की डावी बाजू पूर्ण अंधारात ठेवावी. पण मग तो तिला हवा तसा फोटो होणार नाही. यावर काही उपाय आहे का?

आपला,
फूटपट्टी

१९ फेब्रुवारी

प्रिय बेटा,

मागच्या वेळी जरा जास्तच बोललो. गुडघे दुखले की जीभ सैल सुटते. मनावर घेऊ नकोस. तुझ्याइतकं मन लावून विचारणारा मला दुसरा कोणी भेटला नाही.

डोळ्यावर उपाय आहे. सरकणारा डोळा समजावून जागेवर येत नाही, दचकला की येतो. माणूस दचकला की दोन्ही डोळे एकदम समोर धावतात. म्हणजे अर्धा क्षण मिळेल. पांढऱ्या रिफ्लेक्टरनं कुणी दचकत नाही.

तुमच्या माळ्यावर माझी आरशाची फळी असेल. लाकडाची, वर आरशाचे चौकोन चिकटवलेले. तुझ्या बापानं टाकून दिली नसणार, त्याला काही टाकवत नाही. ती काढ, पूस. भर उन्हात मुळीच वापरू नकोस. ऊन उतरल्यावर, सूर्य झाडांना टेकल्यावर. तेव्हा तिच्यानं मुंगीलाही इजा होत नाही. फळीवर कापड टाकून कुणाच्या तरी हातात दे. नवरीला आधी सांगायचं नाही, दाखवायची नाही. डोळे मिटायला लाव. तिसऱ्या आकड्याला कापड काढायचं आणि तू बटण दाबायचं. बघ काय येतं ते.

फोटो चांगला आला तर एक प्रत मला पाठव. अनोळखी नवरी मी बघितली तर कुणाचं काय बिघडतं?

तुझा,
काका

२७ फेब्रुवारी

ती. काका,

तुमचं पत्र फार आवडलं. ते मी वहीत ठेवलं आहे.

फळी सापडली. छत्तीस चौकोन आहेत, त्यातले दोन गळाले आहेत, वरच्या ओळीतले. बाकीचे कागदानं घासून लख्ख केले. साडेपाच वाजता भिंतीवर उजेड पाडून पाहिला, हातावर घेऊनही पाहिला. कोमट लागतो, भाजत नाही. डोळ्यांना त्रास होणार नाही याची खात्री करून घेतली.

आईनं फळी अंगणात बघितली आणि म्हणाली, "हे परत वर ठेव." आणि आत निघून गेली. संध्याकाळी जेवलीही नाही. तिला माळ्यावरच्या धुळीचा नेहमी त्रास होतो, म्हणून आता फळी मी बाहेरच्या पडवीत ठेवली आहे.

प्रत मात्र पाठवता येणार नाही. नवरीची तशी अट आहे, आणि मी लिहून दिलं आहे. राग मानू नये.

आपला,
फूटपट्टी

२० मार्च

प्रिय फूटपट्टी,

लग्न झालं. तू मांडवाच्या दारात उभा होतास ते पाहिलं. आत का आला नाहीस तेही कळलं. आदल्या दिवशी मी कारण न सांगता गाडीत जाऊन बसले, त्याचं कारण तुला सांगायला हवं. तुझा उतरलेला चेहरा बघितला तेव्हा माझी खात्री पटली, की तुला खरंच काही माहीत नाही.

सुरुवात किती छान झाली होती. पाठीवर ऊन, पायाखाली चादर. तू टेपनं चार हात मोजायला लागलास तेव्हा आमचा दातवाला म्हणाला, "अहो, बहिणीचा फोटो काढताय की नळ टाकताय?" रिफ्लेक्टर धरायचा हट्ट त्याचाच. "आमचा धंदाही आरशाचाच. अजून कुणाच्या तोंडावर मी अंधार पडू दिलेला नाही." मी इतकी हसले, की तू दोनदा सांगितलंस, ताई, खांदे हलतायत.

मग ऊन उतरलं. तू कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणलंस, त्याच्या कानात काही सांगितलंस. मला म्हणालास, डोळे मीट, तीन म्हटलं की उघड.

ताप वगैरे काही नव्हता, फूटपट्टी. मी सात वर्षांची होते. आईची लग्नातली ओढणी बाबांनी माझ्या डोक्यावरून घातली आणि अर्ध्या तोंडावर ओढली, म्हणून उजवा डोळा कापडाखाली राहिला. गच्ची, भर दुपार. फळी लोखंडी खुर्चीला बांधलेली. "पापणी हलवायची नाही. हललीस तर पुन्हा पहिल्यापासून." चौदा वेळा हलली. ते मोठ्यानं मोजत होते. पंधराव्या वेळी हलली नाही. तो पंधराव्याचा फोटो तुमच्या बैठकीत आहे. संध्याकाळी मी आईला म्हटलं, "तुझ्या तोंडावर काळं काय लावलंयस?" आजही डाव्या डोळ्यानं मला माणसाचे कान दिसतात, केस दिसतात. चेहऱ्याच्या जागी काळा गोल असतो. आई त्यांच्याकडे धावत गेली तेव्हा फोटो धुऊन दोरीला लावलेला होता. ते म्हणाले, "आधी हे बघ."

तर तू तीन म्हणालास, मी डोळे उघडले, आणि समोर तीच फळी. वरच्या कडेवर दातवाल्याचं तोंड, हसणारं. पुढचं मला आठवत नाही. तो सांगतो, मी ओरडत होते, "नाही मिटत, बाबा, नाही मिटत."

त्याला वाटतं सगळी चूक त्याची. काल जेवताना तो माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला. मला वाटलं विसरला. मग ध्यानात आलं, विसरलेला नाही. त्या बाजूनं मला त्याचं तोंड दिसत नाही. माझ्या सोयीसाठी बसला होता. मी भात चिवडत राहिले, तोही.

फळी तुला कुणी सुचवली ते मी विचारणार नाही. मला कळतं. तू नुसता हात होतास. आणि एक गोष्ट मी विसरणार नाही. मी ओरडले तसा तू कॅमेरा खाली घेतलास. मी म्हटलं पुसून टाक, आणि तू माझ्यासमोर तिन्ही फोटो पुसलेस. आपल्या घराण्यात फोटोच्या आधी माणूस बघणारा तू पहिलाच निघालास. म्हणून तुझ्यावर राग नाही. घरी ये. फक्त येताना कॅमेरा आणू नकोस.

तुझी,
ताई

२६ मार्च

प्रिय ताई,

पत्र वाचून मी दोन दिवस कामावर गेलो नाही. मला माहीत असतं तर ती फळी मी माळ्यावरून काढलीच नसती, हे तू मानतेस, त्याबद्दल तुझे उपकार आहेत. ती मी फोडली आणि तुकडे खड्डा करून पुरले. 'छोटी नवरी' बैठकीतून उतरवली. भिंतीवर चौकोनी डाग राहिला आहे, आई म्हणते राहू दे.

ऊन उतरायच्या आधीचे चौसष्ट फोटो सोबत पाठवत आहे. हसतानाचे चांगले आले आहेत. दोन्ही डोळ्यांचा म्हणावा तसा मात्र त्यात एकही नाही. क्षमा कर. त्यानंतरचे ते तीन मी पुसताना तू पाहिलेसच.

काकांना मी आता पत्र लिहिणार नाही.

तुझा,
फूटपट्टी

२९ मार्च

काका,

तुम्हाला माहीत होतं. ती कोण आहे ते तुम्ही ओळखलंत, आणि ती फळी बघून तिचं काय होईल तेही तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला बेटा म्हणालात ते त्यासाठी. ताईनं मला सगळं सांगितलं, गच्चीवरचं, पंधरा वेळांचं. तरी तिचा माझ्यावर राग नाही, कॅमेरा न आणता घरी ये असं तिनं लिहिलं आहे. हे माझं शेवटचं पत्र.

सोबत एक फोटो आहे.

तो कसा राहिला ते लिहितो, म्हणजे गैरसमज नको. माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात आणि प्रत्येक फोटो दोन्हीवर उतरतो. एकदा एका नवरीचे सगळे फोटो कार्ड बिघडून गेले होते, तेव्हापासून मी ही खबरदारी घेतो. ताईनं तिन्ही फोटो पुसायला सांगितले, मी पुसले. ते पहिल्या कार्डावरचे. दुसऱ्या कार्डाबद्दल तिनं विचारलं नाही.

ताईला वाटतं, ती ओरडली तसा मी कॅमेरा खाली घेतला. क्रम तसा नव्हता. मी बटणावर बोट ठेवून होतो, फळी धरलेल्या तिच्या डॉक्टर नवऱ्यानं हसतहसत कापड काढलं, ती ओरडली आणि मग मी पहिला फोटो काढला. मग दुसरा. तिसऱ्याच्या आधी मी अर्धं पाऊल उजवीकडे सरकलो, कारण ओढणीची कड हनुवटीवर येत होती. एवढं मला नीट आठवतं. पाठवला आहे तो तिसरा.

तुम्ही बघालच. दोन्ही डोळे समोर आहेत. सरळ, एका रेषेत, पूर्ण उघडे. तिला असाच फोटो हवा होता. बावीस वर्षांत मिळाला नव्हता तो हा, आणि तिला तो दाखवता येत नाही. आईला दाखवता येत नाही. दोन आठवडे मी दार लावून एकटाच बघतो आहे. इतका चांगला फोटो मी कधी काढलेला नाही, आणि पुन्हा काढीन असं वाटत नाही. कुणीतरी एकदा बघायला हवा, ज्याला कळेल असं कुणीतरी. तसं माझ्या ओळखीत तुमच्याशिवाय कोण आहे?

बघा आणि फाडून टाका. एवढं एक माझ्यासाठी करा.

फूटपट्टी

७ एप्रिल

चिरंजीव,

आता तुला फूटपट्टी म्हणवत नाही.

"लहानपणी तापात गेला" असं तू लिहिलंस तेव्हाच ओळखलं. तो ताप मीच शोधून काढला होता, तुझ्या बापाला सांगायला. जगात दुसऱ्या कुठल्या पोरीला तो ताप आलेला नाही.

फोटो फाडला नाही. खिडकीपाशी नेऊन बघितला, भिंग लावून बघितला. दोन्ही बुबुळांत फळीचे चौकोन मोजता येतात. वरच्या ओळीत दोन रिकाम्या जागा, तुझ्या त्या गळालेल्या तुकड्यांच्या. असं काही मला साधलं नव्हतं. माझ्या फोटोत पोर घाबरलेली आहे, एवढंच. तुझ्या फोटोत ती ओळखते आहे. चूक एकच. फळी चार बोटं वर हवी होती, वरच्या ओठाखाली सावली कमी पडली. डॉक्टर उंचीनं कमी असेल.

अर्धं पाऊल सरकलास ते बरोबर केलंस. मीही सरकलो असतो. खाण तशी माती.

आणि शेवटचं पत्र वगैरे भाषा माझ्याशी नको. तुला तो नष्टच करायचा होता तर घरात काड्यापेटी नव्हती? फाडायच्या फोटोला कुणी दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, कोपऱ्यांना कागद लावून पाठवत नाही.

मी तो स्पर्धेला पाठवला आहे. छापलेली प्रत चालते तिथं. तुझं नाव, तुझा पत्ता. कालच पोच आली. जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल. पहिला आलेला फोटो वर्तमानपत्रात अर्धं पान छापतात, हे तुला सांगायला नको, तू पाच वर्षं ते पान कापून ठेवतोस. बक्षीस मिळालं तर तुझी ताई बघेल. तिला नाही दिसलं तर तिचा डॉक्टर दाखवेल, भोळा माणूस आहे. नाही मिळालं तर कुणाला काही कळणार नाही, तू घरी जाशील, कॅमेरा न घेता, आणि ती तुला तिच्या हातचं जेवायला वाढेल.

म्हणजे आता जूनपर्यंत तू रोज सकाळी हात जोडशील. काय मागायचं ते तू सगळ्यांना सांगशील आणि स्वतःलाही सांगशील. मला सांगू नकोस. त्या वर्षी पोरीच्या डोळ्याला पट्टी बांधलेली होती आणि स्पर्धेचा निकाल लागायचा होता. मी रोज पहाटे उठून तिच्या उशाशी हात जोडून बसायचो. तिच्या आईनं एकदा पाहिलं आणि तिला रडू फुटलं. तिला वाटलं, मी डोळ्यासाठी बसतो.

काका